व्हिक्टोरियाच्या काळातला मुंबईचा फोटोस्टुडिओ : ओल्या काचेपासून पुठ्ठ्याच्या कार्डापर्यंत

काचपाटी (धागाकर्ता)

जुन्या ट्रंकांच्या तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो सापडतात. त्यातले बरेच १८६० ते १८९० या काळातले असतात. फोटोत कोण आहे यावर घरात चर्चा होते. पण स्टुडिओत गेलेल्या गिऱ्हाइकाला पैशाच्या बदल्यात नेमकं काय मिळायचं आणि ते तयार कसं व्हायचं, हे क्वचितच कुणी विचारतं. फोटो वाचायचा असेल तर तो कसा बनला हे कळणं फार गरजेचं आहे, म्हणून हा धागा. ज्यांना यातलं जे माहीत आहे ते इथे सविस्तर लिहावं.

थोडी पार्श्वभूमी. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत, म्हणजे ओला थर दिलेल्या काचेच्या पाटीवर फोटो घेण्याची पद्धत, १८५१ साली छापून जाहीर केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे ती झपाट्याने पसरली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी तिचे सुरुवातीचे सभासद. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि धंदा म्हणूनही फोटो काढणारे होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ चालवला. म्हणजे ही विद्या आपल्या लोकांच्या हातात फार लवकर आली होती.

आता पाटीची कृती.

आधी काच. कडा दगडावर घासून बोथट करायच्या, नाहीतर बोटं कापतात आणि थर कडेपासून सुटतो. मग बारीक पॉलिशची माती आणि स्पिरिट लावून चोळायची. स्वच्छ झाली का हे पाहायला काचेवर श्वास सोडायचा. वाफ सगळीकडे सारखी बसली आणि सारखीच उडाली तर काच तयार. जिथे वाफेत डाग दिसतो तिथे फोटोतही डाग येणार.

कोलोडियन म्हणजे आम्लात मुरवलेला कापूस, म्हणजेच गनकॉटन, ईथर आणि अल्कोहोलात विरघळवून केलेला पातळ पाक. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइड क्षार मिसळलेले असतात. काच आडवी धरून मधोमध पाकाचं एक डबकं ओतायचं आणि काच हळूच कलवत ते एकेका कोपऱ्यात न्यायचं. चौथ्या कोपऱ्यातून उरलेला पाक परत बाटलीत सोडायचा. सोडताना काच डावी-उजवी हलवत राहायची, नाहीतर थरावर तिरप्या रेघा उमटतात. मग खालच्या कोपऱ्याला बोट लावून बघायचं. ठसा उठला पण बोटाला काही चिकटलं नाही की ती वेळ बरोबर. त्याआधी बुडवली तर थर सुटतो, उशीर झाला तर चांदी आत शिरत नाही.

इथून पुढे अंधारी खोली, पिवळ्या-नारिंगी उजेडात. पाटी सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात ३ ते ५ मिनिटं. प्रमाण औंसाला साधारण ३५ ग्रेन, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला पाटी बाहेर काढली की पाणी तेलकट ओघळांसारखं फाटतं, कारण वर अजून ईथर असतो. पाणी एकसंध वाहायला लागलं की पाटी तयार. ती ओलीच चौकटीत घालायची, कॅमेऱ्यात लावायची, फोटो घ्यायचा आणि लगेच परत अंधाऱ्या खोलीत.

डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, हे हिराकशीचं (फेरस सल्फेटचं) पाणी, औंसाला १५ ते २० ग्रेन, सोबत अ‍ॅसेटिक आम्ल आणि थोडं अल्कोहोल. हा एका दमात, न थांबता, पाटीच्या एका कडेने पसरवायचा. ओघ मध्ये थांबला तर तिथे कायमची रेघ राहते. १५ ते ३० सेकंदांत चित्र उमटतं आणि पाणी ओतून ते थांबवायचं. नंतर हायपो (सोडियम थायोसल्फेट) किंवा पोटॅशियम सायनाइडने न वापरलेली चांदी काढायची, धुवायचं, वाळवायचं, आणि काच स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करून सँडरॅक राळ व लव्हेंडर तेलाचं व्हार्निश चढवायचं.

हे सगळं पाटी ओली असेपर्यंतच. पाटी वाळली की वरच्या चांदीचे स्फटिक होतात आणि खेळ संपतो. थंड देशात दहा-पंधरा मिनिटं मिळायची, मुंबईच्या एप्रिलमध्ये त्याच्या निम्मीही नाहीत. स्टुडिओची सगळी रचना याच घाईभोवती बेतलेली असे. अंधारी खोली बैठकीला लागून, एक माणूस पाटी तयार करणारा आणि दुसरा गिऱ्हाइकाला बसवणारा.

चंदेरी

उत्तम सुरुवात. उकाड्याबद्दल भर घालते.

ईथर ३४.६ अंशांना उकळतो. मे महिन्यात मुंबईत बाटलीचं बूच काढलं की तो उडू लागतो, पाक दाट होतो आणि पाटीवर ओतताना मधेच गोठतो. म्हणून इथे ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त असं कोलोडियन वापरणं सोयीचं. पण अल्कोहोल फार झालं तर थर कच्चा राहतो आणि धुताना फाटतो. डेव्हलपरमध्ये उलट हिराकस कमी, आम्ल जास्त. उष्णतेत डेव्हलपर इतका जोरात धावतो की सावल्यांच्या जागीही चांदी बसते आणि सगळ्या पाटीवर धुरकट पडदा चढतो. आम्ल त्याला लगाम घालतं.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. ईथर उडताना थर थंड पडतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. थर दुधाळ आणि भुसभुशीत होतो.

आणि पाणी! सिल्व्हर नायट्रेटचा शत्रू म्हणजे मीठ. मुंबईच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात चांदी टाकली की पाणी लगेच दुधासारखं पांढरं होतं, कारण सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं. त्याने धुण्याची सोय झाली, पण चांदीच्या पाण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच लागायचं. कोणतंही पाणी तपासायची सोपी युक्ती म्हणजे काचेच्या पेल्यात घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा आणि काळ्या कापडासमोर धरून बघायचं.

चांदीचं पाणी रोज वापरून मळतं. प्रत्येक पाटी थोडं ईथर, थोडं अल्कोहोल आणि थोडी घाण सोडून जाते. मग पाट्यांवर शिंपल्यासारखे कडा असलेले डाग, धूमकेतूसारखे शेपटीचे ठिपके आणि धुरकटपणा येतो. त्यावर उपाय ऊन. पाणी थोड्या सोड्याने आम्लरहित करायचं, पांढऱ्या काचेच्या बरणीत भरून उन्हात ठेवायचं. सेंद्रिय मळ चांदीसकट काळा होऊन तळाशी बसतो. मग गाळायचं, कमी पडलेलं सिल्व्हर नायट्रेट घालायचं आणि नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून पुन्हा वापरात आणायचं. निदान या कामासाठी तरी आपलं ऊन वरदान होतं.

वाटाड्या

दोघांचेही आभार. एक शंका. जुन्या फोटोंत कुणीच हसत नाही, कारण पाच-दहा मिनिटं स्थिर बसावं लागायचं, असं नेहमी वाचनात येतं. ते कितपत खरं?

काचपाटी

@वाटाड्या, मिनिटांची गोष्ट १८३९-४० च्या अगदी सुरुवातीच्या डागेरोटाइपची, म्हणजे चांदी चढवलेल्या पत्र्यावरच्या फोटोंची. ओल्या कोलोडियनला काचघरातल्या, म्हणजे काचेच्या छताच्या बैठकीतल्या, चांगल्या उजेडात, पेट्झवाल पद्धतीच्या मोठ्या तोंडाच्या भिंगाने, काही सेकंद पुरायचे. ढगाळ दिवशी वीस सेकंदांपर्यंत. पण पाच सेकंदही डोकं हललं की नाक-डोळे पुसट होतात. म्हणून बसणाऱ्याच्या मागे लोखंडी दांडा असे, त्याला मानेमागे टेकणारा चिमटा. उभ्या माणसाच्या फोटोत पायांच्या मागे नीट पाहा, त्या दांडक्याचा जड तीन पायांचा बुंधा बऱ्याचदा डोकावतो. हसू नसण्यामागे हे सेकंद आहेत, पण त्याहून जास्त त्या काळचा रिवाज आहे. चित्रकारासमोर बसावं तसं लोक कॅमेऱ्यासमोर बसत.

कडेवरच्या मुलाचा चेहरा अस्पष्ट आणि आईचा स्वच्छ, अशा फोटोंचं कारणही हेच.

मध्यान्ह

काचघराबद्दल.

युरोपातली पुस्तकं सांगतात की छताची काच उत्तरेकडे ठेवा, म्हणजे थेट ऊन कधीच येणार नाही. लंडनला हे बरोबर. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण १६ मे ते २७ जुलै या काळात दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत उत्तरेची काच उन्हाचीच वाट होते. त्यातले पहिले तीन-चार आठवडे लख्ख उन्हाचे, आणि कपाळाखाली डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या. म्हणून इथे काचेखाली दोरीवर सरकणारे पांढरे किंवा फिके निळे मलमलचे पडदे लागतात. निळा पडदा चालतो कारण कोलोडियनला निळा प्रकाशच दिसतो. उजेड विशेष कमी न होता ऊन बोथट होतं.

शिवाय काचघर म्हणजे भट्टी. म्हणून पोर्ट्रेटची चांगली वेळ सकाळची. उन्हं चढली की बसणाऱ्याच्या कपाळावर घाम चमकतो आणि तो फोटोत पांढरा ठिपका होऊन येतो.

पिवळापडदा

‘कोलोडियनला निळा प्रकाशच दिसतो’ हे वाक्य जुने फोटो वाचणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. तांबडा आणि पिवळा रंग या पाटीला जवळजवळ दिसत नाही. त्याचे परिणाम थेट आपल्या माणसांच्या फोटोंत आहेत.

तांबडी पगडी काळी येते. ‘पणजोबा काळी पगडी घालत’ असं फोटोवरून ठरवू नका. कुंकू काळं येतं, हळदीचा पिवळा शेला गडद राखाडी येतो. उलट फिका निळा कपडा पांढरा दिसतो. सोन्याचे दागिने पिवळे, म्हणून ते उजळ न दिसता मळकट दिसतात. मोती मात्र झळकतात. त्यामुळे नथीतले मोती स्पष्ट आणि सोन्याची तार गायब, हे चित्र नेहमीचं.

सर्वांत मोठा अन्याय त्वचेवर. गव्हाळ-सावळ्या त्वचेत तांबूस-पिवळा भाग जास्त, त्यामुळे माणूस प्रत्यक्षात होता त्यापेक्षा बराच गडद येतो, आणि वांग, व्रण, सुरकुत्या ठळक होतात. त्यात अंगावर पांढरंशुभ्र धोतर-अंगरखा. चेहऱ्यासाठी पुरेसा वेळ दिला तर कपड्याच्या चुण्या जळून सपाट पांढरा ठिगळ होतो, आणि कपड्यासाठी वेळ धरला तर चेहरा काळोखात जातो. जाणकार फोटोग्राफर पांढऱ्या कपड्यावर सावली पाडून चेहरा उजेडाकडे वळवायचा. नंतर काचेवरच्या व्हार्निशवर बारीक शिसपेन्सिलीने चेहरा उजळायचा. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल तिथे छापात उजेड. भिंगातून गालावर बारीक बारीक रेघा दिसल्या तर तो हाच हात.

खळपुठ्ठा

पाटीचं झालं, पण गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा तो कागद. त्याबद्दल लिहितो, कारण आपल्या ट्रंकांतल्या बहुतेक फोटोंचं आयुष्य त्या कागदावरच ठरलेलं आहे.

हा अल्ब्युमेन कागद, ब्लँकार्ट-एव्हरारने १८५० मध्ये आणलेला. अंड्याच्या पांढऱ्या बलकात औंसाला १० ते १५ ग्रेन नवसागर किंवा मीठ घालून फेस येईपर्यंत घुसळायचं. फेस बसू द्यायचा, गाळायचं, आणि पातळ पण चिवट कागदाची एक बाजू त्यावर तरंगवायची. खाली बुडबुडा राहिला तर तिथे गोल डाग. असा कागद जर्मनीत, विशेषतः ड्रेस्डेनला, कारखान्यांत बनून जगभर विकला जाई. चांदी मात्र स्टुडिओतच चढवायची. औंसाला ५० ते ६० ग्रेन सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यावर कागद तीन मिनिटं तरंगवायचा आणि अंधारात वाळवायचा. इथल्या उकाड्यात तो काही तासांतच पिवळा पडायला लागतो, म्हणून सकाळी चढवलेला कागद त्याच दिवशी संपवायचा.

छाप उन्हाचा. काच आणि कागद चौकटीत एकमेकांवर दाबून उन्हात ठेवायचे. चौकटीची पाठ दोन भागांची असते, एक भाग उघडून छाप किती आला ते बघता येतं आणि कागद हलत नाही. पुढच्या धुण्यांत रंग उतरतो, म्हणून छाप हवा त्यापेक्षा गडद होऊ द्यायचा. स्वच्छ उन्हात अर्ध्या तासाच्या आत होणारं काम पावसाळी आभाळात तासन्‌तास चालतं. जून ते सप्टेंबर फोटो ‘काढणं’ एक वेळ जमायचं, पण प्रती वेळेवर देणं कठीण.

चौकटीतून निघालेला छाप विटकरी तांबडा असतो. तो धुऊन टाकणखाराने सौम्य क्षारीय केलेल्या गोल्ड क्लोराइडच्या पाण्यात घालायचा. एका पूर्ण तावाला साधारण १ ग्रेन. छाप डोळ्यांसमोर विटकरीचा तपकिरी, तपकिरीचा जांभळट होत जातो. सोनं वाचवायला लवकर काढला तर रंग तांबूस राहतो आणि टिकतही कमी. मग हायपो, आणि मग भरपूर पाण्यात तासन्‌तास धुणं.

सगळी माती होते ती या शेवटच्या दोन पायऱ्यांत. शिळ्या हायपोत खूप छाप काढले तर चांदी पूर्ण निघत नाही. धुणं अर्धवट राहिलं तर हायपोतलं गंधक कागदात राहतं आणि चित्राच्या चांदीचं हळूहळू सिल्व्हर सल्फाइड करतं. आधी उजळ भाग पिवळे पडतात, मग चेहऱ्यावरचे तपशील विरतात. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये फोटो फिके का पडतात यावर समिती नेमली होती. तिनेही उरलेल्या हायपोकडे, ओलाव्याकडे आणि हवेतल्या गंधकाकडेच बोट दाखवलं. एकाच अल्बममध्ये शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंपैकी एक ताजा आणि एक पिवळा का, याचं उत्तर बहुधा धुणाऱ्याच्या हातात आहे.

कापडाला असते तशी पिष्टाची खळ करून छाप पुठ्ठ्याला चिकटवायचा. कागद पातळ असल्याने पुठ्ठ्याशिवाय तो सुरळी होतो. खळ आंबली की ती आम्ल धरते आणि मागून डाग उठतात.

वाटाड्या

हे कार्ड नेमकं त्याच मापाचं का असतं? आणि डझनावारी का विकायचे?

खळपुठ्ठा

पॅरिसच्या डिस्देरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली कार्त-द-व्हिझीतची, म्हणजे भेटकार्डाच्या मापाच्या फोटोची, पद्धत. कॅमेऱ्याला चार भिंगं आणि मागची पाटी सरकणारी. आधी अर्ध्या पाटीवर चार चित्रं, मग सरकवून उरलेल्या अर्ध्यावर चार. पूर्ण पाटी साडेसहा बाय साडेआठ इंच. तिच्यावर चार रकाने आणि दोन ओळी मांडल्या की प्रत्येक चित्राला सव्वादोन इंचांहून थोडी कमी रुंदी आणि सव्वातीन इंच उंची येते. ते कापून अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर. एक पाटी, एक ताव, एकदा धुणं, आणि आठ फोटो. मजुरी आठात वाटली गेली म्हणून किंमत उतरली आणि म्हणूनच एकेक न विकता घाऊक विकणं परवडायचं. १८६६ पासून मोठं कॅबिनेट कार्ड आलं, पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंच.

कार्डाच्या पाठीवर ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील’ अशा अर्थाचा मजकूर आणि हाताने लिहिलेला आकडा सापडतो. ती सेवाच होती. आकडा कळवला की काच शोधून नवा छाप. तो आकडा आज आपल्यासाठी मोलाचा आहे. एकाच स्टुडिओच्या आकड्यांचा क्रम लावला तर तारखांचा अंदाज बांधता येतो. कार्ड फोटोकॉपी करताना पाठ नक्की घ्या.

चंदेरी

@खळपुठ्ठा, एक भर. धुण्याच्या पाण्यातून खूप चांदी वाहून जाते, तयार छापात तिचा अगदी थोडा वाटा राहतो. म्हणून पहिल्या धुण्याचं पाणी मोठ्या पिंपात साठवून त्यात मीठ टाकायचं, तळाशी बसलेलं सिल्व्हर क्लोराइड आणि कागदाच्या कपट्यांची राख आटवून चांदी परत मिळवायची. याचा हिशेब न ठेवणाऱ्या स्टुडिओचं गणित बसत नसे.

निरंजन_दिवा

सगळे जुने तपकिरी फोटो सेपिया टोन केलेले असतात ना?

खळपुठ्ठा

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. अल्ब्युमेन छापातली चांदी अतिसूक्ष्म कणांची असते, ती मुळातच तपकिरी दिसते. सोन्याने ती जांभळटाकडे जाते. गंधकाने मुद्दाम सेपिया करणं ही नंतरच्या, काळ्या-करड्या जिलेटिन कागदांच्या काळात रुळलेली गोष्ट. तुमच्या कार्डातला पिवळटपणा बऱ्याचदा म्हातारपणाचा आहे, त्याच्या जन्माच्या वेळी तो जांभळट आणि तकतकीत होता. पुठ्ठ्याच्या खाचेत किंवा चौकटीखाली झाकून राहिलेल्या कडेला मूळ रंग कधीकधी शिल्लक असतो, तिथे बघा.

जुनाअल्बम

काळ ओळखण्याबद्दल थोडक्यात. पातळ पुठ्ठा, काटकोनी कोपरे, पाठीवर दोन-तीन साध्या ओळी, तर १८६० चं दशक. जाड पुठ्ठा आणि गोल कोपरे १८७० नंतर. पाठभर वेलबुट्टी, पदकं, सोनेरी तिरप्या कडा, गडद रंगाचे पुठ्ठे, हे १८८० च्या दशकात आणि पुढे. फिक्या गुलाबी झाकेचा कागद दिसला तर तो अल्ब्युमेनमध्ये रंग मिसळलेला, तोही १८७०-८० कडचा.

मात्र हे ठोकताळे युरोपातले आहेत. इथे पुठ्ठे बोटीने यायचे आणि छापलेला साठा संपेपर्यंत वापरला जायचा. त्यामुळे पाच-दहा वर्षं पुढे धरायला हवीत. निव्वळ पुठ्ठ्यावरून साल ठोकून देणारे विक्रेते आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. आणि जुन्या काचेवरून वीस वर्षांनी काढलेली प्रतही असू शकते. तेव्हा पुठ्ठा नवा आणि माणूस जुना.

दहापट भिंग घ्या. कागदाचे तंतू दिसतात, वर बारीक भेगांची जाळी आहे, तर अल्ब्युमेन. तंतू दिसतच नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे, तर १८८५-९० नंतरचा जिलेटिन किंवा कोलोडियन कागद. गडद भागात आरशासारखी निळसर चांदी चमकते आणि रंग काळा-करडा, तर आणखी पुढचा.

पिवळापडदा

काचेवरच्या फोटोंचं राहिलं. ती पाटी थोडी कमी उजेडात घेतली आणि मागे काळं कापड किंवा काळा रंग लावला तर निगेटिव्हच पॉझिटिव्ह दिसते. हाच अँब्रोटाइप. गिऱ्हाइकाला थांबवून तासाभराच्या आत डबीत घालून देता यायचा, पण एकुलता एक, प्रत निघत नाही. लोखंडी पत्र्यावर काढलेला टिनटाइप, चुंबक लावून ओळखता येतो.

टिनटाइप नेहमी उलटा असतो, डावं-उजवं बदललेलं. बाईच्या फोटोत नथ पाहा. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. समोरून बघताना ती आपल्या उजव्या हाताला दिसायला हवी. डाव्या हाताला दिसली तर चित्र उलटं आहे.

अँब्रोटाइपमागचा काळा थर सोलला की चेहऱ्यावर ‘भोकं’ पडल्यासारखी दिसतात. चित्र शाबूत असतं. मागे काळा कागद धरून बघा, बहुतेक वेळा सगळं परत दिसतं. त्यावर नवा रंग लावू नका.

काचपाटी

ही पद्धत संपली कशी, तेही नोंदवतो. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनमधली चांदी सुचवली आणि १८७८-८० पासून तयार कोरड्या पाट्या दुकानात मिळायला लागल्या. वेग इतका वाढला की सेकंदाचा काही अंश पुरे. पाटी आधीच तयार, धुणं नंतर केव्हाही. अंधारी खोली फोटोग्राफरच्या पाठीवरून उतरली.

पण जिलेटिन गरम पाण्यात मऊ पडतं. मुंबईच्या उन्हाळी पाण्यात थर कडेने झालरीसारखा सुटायचा, कधी पूर्ण वाहून जायचा. उपाय म्हणजे तुरटीच्या पाण्याने थर आधी कडक करणं, बर्फाने पाणी गार करणं, आणि डेव्हलपिंग रात्री किंवा पहाटे करणं.

सेवाही वाढल्या. लाला दीनदयाळांनी सिकंदराबादेत १८८६ मध्ये आणि मुंबईत १८९६ मध्ये स्टुडिओ काढले. हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी त्यांनी १८९२ मध्ये वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला, तो एक इंग्रज बाई चालवत. बोर्न अँड शेफर्डच्या शाखा सिमला, कलकत्ता, मुंबई. त्यांच्या कलकत्त्याच्या जागेला १९९१ मध्ये आग लागली आणि मोठा जुना संग्रह गेला. पाठीवर ‘प्रती केव्हाही मिळतील’ असं आश्वासन देणारी काच एकदा गेली की ती कायमची गेली. म्हणून घरात असलेली कार्डं जपणं हे आता आपलंच काम.

निरंजन_दिवा

मग जपायची कशी? लॅमिनेशन चालेल का? आणि बुरशीचे ठिपके ओल्या कापसाने पुसावेत का?

जुनाअल्बम

दोन्हीला स्पष्ट नाही. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद परत काढता येत नाही. अल्ब्युमेन कागद भिजला की बलकाचा थर फुगतो आणि वाळताना भेगा आणखी वाढतात, म्हणून पाणी अजिबात नको. अँब्रोटाइपच्या चित्राच्या बाजूला तर कोरडा कापूसही नको, आणि स्पिरिट मुळीच नको, कारण ते व्हार्निश विरघळवतं.

धूळ मऊ रुंद कुंचल्याने मधून कडेकडे झटका. आम्लरहित कागदाचं पाकीट करा, प्रत्येक कार्ड वेगळं. प्लास्टिक हवंच असेल तर पॉलिएस्टर घ्या, पीव्हीसीचे अल्बम आणि चिकट पानांचे अल्बम नकोत. सेलोटेप नको. पाठीवर लिहायचं तर मऊ शिसपेन्सिल, शाई नाही. लोखंडी कपाटापेक्षा बाहेरच्या भिंतीला नाही टेकलेलं, हवेशीर कपाट पावसाळ्यात बरं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाल तर त्या रंग बदलल्यावर तापवून परत घाला, नाहीतर त्या नुसत्या पडून राहतात.

बुरशी आलेलं कार्ड आधी इतरांपासून वेगळं करा, गार कोरड्या खोलीत पूर्ण सुकू द्या, आणि मगच कुंचला. ओली बुरशी झटकली की ती थरात घासली जाते.

काचपाट्या असतील तर आडव्या थप्पीत ठेवू नका, खालच्या तडकतात. लांब कडेवर उभ्या, मध्ये कागद, आणि खोक्यात हलणार नाहीत इतक्या घट्ट. थर सुटायला लागलेली पाटी असेल तर ती मात्र आडवी, थर वरच्या बाजूला. स्कॅन करताना कार्ड १२०० डीपीआयला, रंगीतच ठेवा, काळं-पांढरं करू नका. पिवळेपणाची आणि कडेच्या मूळ रंगाची नोंद त्यात राहते. पुढची आणि मागची अशी दोन चित्रं, नाव द्या एकच, शेवटी ‘पुढे’ आणि ‘मागे’.